बाजू सांग, मंग रडजो

आमच्या भिका आप्पांच्या मेव्हणीच्या मुलीचं लग्न होतं. विहीणबाई मांडवाच्या पायरीवरून घसरल्या आणि गुडघा धरून विव्हळू लागल्या. कुणी पाणी आणलं, कुणी हळद. आप्पा गर्दीतून पुढे आले, उकिडवे बसले आणि म्हणाले, "उजवा का डावा? बाजू सांग, मंग रडजो."

शहाद्याच्या ज्या छोट्या हाडांच्या दवाखान्यात मी सिस्टर आहे, तिथे आप्पा फायली सांभाळतात. विम्यासाठी प्रत्येक दुखापतीला एक नंबर द्यावा लागतो. त्या नंबरांचा जाडजूड ग्रंथ त्यांच्या टेबलावर असतो, पण तो उघडलेला मी क्वचितच पाहिला. गुडघ्याचा आणि त्याखालच्या पायाचा मुका मार म्हणजे ऐंशी, त्याच जागची उघडी जखम म्हणजे एक्याऐंशी. त्यामुळे "सिस्टर, बाहेर दोन ऐंशी बसेल शेत" असा निरोप आला की मी बाहेर बसलेल्या दोघांसाठी बर्फ काढते.

एकदा डॉक्टरांनी केसपेपरवर 'पायाला मार' एवढंच लिहिलं. आप्पांनी तो कागद तीनदा परत पाठवला. तिसऱ्या वेळी त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'माणसाला पाय दोन.' डॉक्टर तणतणत आले. आप्पा शांतपणे म्हणाले, "साहेब, बाजू नसलेल्या पायलेबी नंबर शे. पन तो आळशी लोकेस्ना शे." डॉक्टर हसले आणि 'उजवा' लिहून गेले. तेव्हापासून आमच्याकडे एकही पाय बाजूशिवाय राहिलेला नाही.

नंबराच्या शेवटी एक अक्षर लागतं. उपचार चालू असेपर्यंत 'ए', जखम भरायला लागली आणि माणूस पुन्हा तपासायला आला की 'डी'. आप्पांचा जीव या 'डी'वर. 'ए' झालेला माणूस परत आला नाही, तर ते त्याची फाईल कपाटात ठेवत नाहीत.

मोलगीकडच्या एका पाड्यावरची रुमलीबाई अशीच 'ए' लागून घरी गेली. गवत कापताना विळा डाव्या नडगीवर बसला होता. सहा टाके घातले, दहा दिवसांनी यायला सांगितलं. पंधरा दिवस झाले, तरी ती आली नाही. फोन नव्हता. आप्पा मला म्हणाले, "फाईल अर्धी शे. माले झोप येत नही." बाजाराच्या दिवशी मोलगीला जायचं त्यांनी ठरवलं होतं. माझी सुट्टी होती. टाके काढायचं सामान घेऊन मीही जीपमध्ये बसले. एका अक्षरासाठी हा माणूस डोंगर चढतोय, याचं मला हसू येत होतं.

रुमलीबाई भाजीच्या ओळीत आमचूर विकत बसली होती. येणं लांब म्हणून तिने काट्याने दोन टाके स्वतःच काढले होते. उरलेल्यांत पू झाला होता. ती पाय लुगड्याखाली लपवू लागली. आप्पा तिच्यासमोर धुळीत बसले. "बाई, दखाड," एवढंच म्हणाले आणि तिची टाच आपल्या मांडीवर घेतली. फाईलचं नाव त्यांनी काढलं नाही. पाय पाहून मीच म्हटलं, इथे काही करायला नको, दवाखान्यात न्यायला हवं.

तिचं आमचूर आप्पांनी पोत्यात भरलं. जीपमध्ये तिला पाय लांब करता यावा म्हणून ते पूर्ण रस्ता मागे लटकत आले.

जखम पुन्हा उघडून साफ करावी लागली. म्हणजे अक्षर परत 'ए'च. आप्पांनी तक्रार केली नाही. रोज ड्रेसिंगच्या वेळी ते दारात उभे राहायचे आणि ती शुद्धीत असूनही ताप किती ते मलाच विचारायचे. पुढे ती चालत तपासायला आली, 'डी' पडला, फाईल कपाटात गेली.

महिन्याभराने रुमलीबाई पुन्हा दारात. आप्पा गडबडले. "दुखस का?" तिने मान हलवली. मोडक्या मराठीत म्हणाली, "नाय. तुला भेटायला."

आप्पांनी पेन उचलला आणि काही न लिहिता खाली ठेवला. बायको गेल्यापासून ते दुपारी एकटेच जेवतात, आम्ही बोलावलं तरी येत नाहीत. त्या दिवशी त्यांनी डबा उघडला, भाकरी मधोमध मोडली आणि समोरची खुर्ची रुमलीबाईसाठी ओढली.

"सिस्टर," ते हळूच म्हणाले, "दार लोटी ल्या जरासं. आमी जेवी ऱ्हायनूत."