तिसरा पाय

मंगळवारी दुपारी बाजारातल्या पार्किंगच्या चढावर सासऱ्यांच्या लाल गाडीतून धूर यायला लागला, तेव्हा जावई बायकोला समजावत होता, "अगं, हा वास पुढच्या गाडीचा आहे."

"पुढे सायकल आहे," बायको म्हणाली.

जावयाने पुढे पाहिले. खरेच सायकल होती. त्याने घाईघाईने ॲक्सिलरेटर दाबला. इंजिनाने अशी काही डरकाळी फोडली की सायकलवाला सायकल टाकून बाजूला झाला. गाडी मात्र जागची हलली नाही, उलट वीतभर मागे आली. मागच्याने हॉर्न दिला आणि जावयाला सासरे आठवले.

ही भीती गाडीपेक्षा मोठी होती. सासरे भौतिकशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. ही दोन सीटची, रस्त्याला पोट टेकेल इतकी बुटकी, शर्यतीच्या घराण्यातली गाडी त्यांनी एकोणीस वर्षे फुलासारखी जपली होती. दर रविवारी सकाळी सात वाजता ते आणि सासूबाई तीतून चक्कर मारायला निघत, नऊला परत येत, आणि मग जेवणाच्या टेबलावर सासरे क्लचवर बोलत. "पाय पेडलवर ठेवायचा नसतो, जावईबापू. पायाला पेडलची आठवण असली की पुरे." किंवा, "चढावर हँडब्रेक ओढणं म्हणजे स्वतःच्या पायावर अविश्वास!" सासूबाई अशा वेळी मान खाली घालून निमूट जेवत. जावई मात्र हातातला घास हातातच धरून ऐकत राही. विमा कंपनीत अपघाताचे फॉर्म तपासणारा माणूस तो. 'चालकाचा निष्काळजीपणा' हे दोन शब्द दिवसातून चाळीस वेळा लिहिणाऱ्याला असा चालक म्हणजे देवच.

लग्नाला अकरा वर्षे झाल्यावर देवाने प्रथमच किल्ली दिली होती. डोळ्याच्या ऑपरेशनसाठी सासरे-सासूबाई पंधरा दिवस बायकोच्या मावशींच्या गावी गेले तेव्हा सासऱ्यांनी ती जावयाच्या तळहातावर ठेवून वर मूठ बंद केली होती. "दर दोन दिवसांनी दहा मिनिटं चालू ठेवायची. जागेवर. तुमच्याशिवाय कुणावर विश्वास टाकणार?"

दहा दिवस जावयाने जागेवर चालू ठेवली. अकराव्या दिवशी बायको सहज म्हणाली, "मी या गाडीत एकदाही बसले नाहीये, माहितीय? दोनच सीटा. नेहमी आई बसायची." एवढे ऐकून कुठला नवरा थांबेल? आणि चढावर रांग अडकल्यावर हँडब्रेक ओढून स्वतःच्या पायावर अविश्वास तरी तो कसा दाखवणार? त्याने अर्धा क्लच दाबून गाडी पंचवीस मिनिटे तोलून धरली.

सासरे शनिवारी परत येणार होते. रविवारी सकाळी सातला चक्कर ठरलेलीच.

गाडी उचलून ज्या गॅरेजात नेली, तिथल्या मेकॅनिकला, गाडीची नाडी ओळखतो म्हणून, सगळे 'नाडीवाले' म्हणत. साठीचा, सडपातळ, शर्टाला डाग नसलेला माणूस. गिअरबॉक्स उतरवण्यापूर्वी त्याने साबणाने कोपरापर्यंत हात धुतले. ते पाहूनच जावई भारावला. नाडीवाल्याने गिअरबॉक्स जॅकवर असा अलगद खाली घेतला, जसे झोपलेले मूल खांद्यावरून उतरवावे. मग आतली क्लचप्लेट काढून तो खिडकीपाशी गेला आणि ती उजेडात उलटसुलट करून पाहू लागला.

"फार वाईट आहे का?" जावयाने विचारले.

"श्शू," नाडीवाला म्हणाला. मग हळूच, "इकडे या. हे रिव्हेट बघा. अजून अस्तरात किती खोल आहेत! गाडी एकोणीस वर्षांची, प्लेट मूळची, आणि झीज किती? नखाएवढी. चाळीस वर्षं या धंद्यात आहे मी. असा पाय पाहिला नाही."

जावयाच्या अंगावर काटा आला. "माझे सासरे," तो म्हणाला.

"माणूस नाही हो तो. आणि मग," नाडीवाल्याचा आवाज कडवट झाला, "हा वरचा काळा थर. हे एका दुपारचं काम. कुण्या गाढवाने एका दुपारी ही प्लेट भाजून काढली."

"असतात काही लोक," जावई जमिनीकडे बघत म्हणाला.

"पण थांबा." नाडीवाल्याने बॅटरी घेऊन इंजिनाला लागलेल्या जड चाकावर, फ्लायव्हीलवर, उजेड टाकला. तिथे निळसर, जुने, बारीक ठिपके होते. "इथे तिसरा पाय आहे."

"तिसरा?"

"हे डाग गाढवाचे नाहीत, जुने आहेत. कुणीतरी वर्षानुवर्षं गाडी जागेवरून उचलताना हिसके दिलेत. पण थोडंच अंतर. शंभरएक पावलं. पुढे लगेच तो देवमाणूस गाडी हातात घेतो. एक शिकाऊ, एक उस्ताद."

जावयाला क्षणात उलगडा झाला. सासूबाई! गल्लीच्या टोकापर्यंत तरी चालवू द्या म्हणून त्या हट्ट करत असणार आणि सासरे बिचारे प्रेमापोटी सोसत असणार. कधी बोलला नाही हो माणूस. सासऱ्यांबद्दलचा त्याचा आदर आणखी एक मजला चढला.

आता नवा क्लच निवडायचा होता. मूळचा मागवला तर तीन आठवडे लागणार होते. नाडीवाल्याने बाकावर दोन ठेवले. एक साधा, तपकिरी, गोल.

"हा कुणालाही चालतो. मऊ आहे, माफ करतो."

दुसऱ्यावर सगळीकडे अस्तर नव्हतेच. तांबूस धातूच्या सहा टिकल्या तेवढ्या होत्या, आणि तो नुसता पडल्या पडल्याही रागावल्यासारखा दिसत होता.

"हा शर्यतीचा. याला मधलं काही ठाऊक नाही. धरला तर धरला, सोडला तर सोडला. पेडल दगडासारखं. साध्या माणसाने पाय उचलला की गाडी बेडकासारखी उडते. पण त्या पायाखाली..." नाडीवाल्याने जुन्या प्लेटकडे पाहिले. "क्लच गाडीचा नसतो साहेब, पायाचा असतो. गाडी कोण चालवणार ते सांगा, मी क्लच सांगतो."

जावयाने सांगितले. पायाला पेडलची आठवण असण्याबद्दल सांगितले, हँडब्रेकबद्दल सांगितले. नाडीवाला डोळे मिटून ऐकत होता.

"मग हाच," शेवटी तो म्हणाला. "एवढ्या मोठ्या माणसाला मऊ क्लच देणं म्हणजे अपमान आहे."

जावयालाही पटले. गुन्हा मोठा होता, मग प्रायश्चित्तही तोलामोलाचे हवे. त्यातून सासऱ्यांना गाडी हातात घेताच कळेल की जावयाने आपल्याला ओळखले!

पुढचे दोन दिवस जावई रजा टाकून गॅरेजात उभा होता. नाडीवाल्याने त्या जड चाकाची पाठ घासून आरशासारखी करून आणली. प्लेटच्या मधोमध दांडा घालून ती केसभरही न हलवता बसवली. बोल्ट एका ओळीत न आवळता समोरासमोरचे, प्रत्येकी थोडे थोडे आवळले. "एकाच बाजूने आवळलं की रुसतात," तो म्हणाला. गिअरबॉक्स पुन्हा वर गेला आणि खट् असा एकच समाधानी आवाज करून बसला. जावयाने नकळत हात जोडले.

"एक मागणं आहे," निघताना नाडीवाला म्हणाला. "मला तो पाय बघायचाय."

"रविवारी सकाळी सातला या," जावई म्हणाला. गाडी घरी मात्र त्याने नाडीवाल्यालाच पोचवायला लावली. पेडल त्याने एकदा दाबून पाहिले होते आणि तेव्हापासून त्याचा डावा गुडघा कुरकुरत होता.

रविवारी सातला नाडीवाला धुतलेल्या शर्टात फाटकापाशी हजर. "हे माझे मित्र," जावयाने ओळख करून दिली. "यांना आपलं चालवणं बघायचंय, बाबा."

सासऱ्यांचा चेहरा जरा उतरल्यासारखा झाला. "बघण्यासारखं काय त्यात!" ते म्हणाले. पण मग त्यांनी चष्मा पुसला, गाडीत बसले, सासूबाई शेजारी बसल्या. सासऱ्यांनी पेडल दाबले. ते हलले नाही. त्यांनी सीटला पाठ रेटून, दात आवळून दाबले, गिअर टाकला आणि पाय उचलला.

गाडीने उडी मारली आणि बंद पडली.

"डोळ्यात औषध घातलंय ना," सासरे खिडकीतून म्हणाले.

दुसऱ्यांदा गाडीने दोन उड्या मारल्या. तिसऱ्यांदा तीन मारल्या, फाटकाबाहेर आली आणि शेजाऱ्यांच्या कुंडीपासून चार बोटांवर थांबली. सासऱ्यांचे केस सगळे कपाळावर आले होते.

नाडीवाल्याने जावयाचा दंड गच्च धरला. "अहो," तो दबक्या आवाजात म्हणाला, "हा तर तिसरा पाय!"

देव्हाऱ्यातली मूर्ती एकदम शिंकावी तसे जावयाचे झाले होते.

तेवढ्यात सासूबाईंकडचे दार उघडले. "उतरा हो," त्या शांतपणे म्हणाल्या. "जागा बदलायला कोपऱ्यापर्यंत कशाला आता? सगळे बघतायतच." सासरे मुकाट्याने उतरले. सासूबाईंनी चपला काढून बाहेर ठेवल्या, अनवाणी पायाने पेडल एकदा दाबून पाहिले आणि भुवई उंचावली. "शर्यतीचा घातलाय कुणीतरी," त्या म्हणाल्या. मग लेकीला हाक मारली, "ये गं, बस. एकदाही बसली नाहीस तू."

गाडी निघाली. निघाली म्हणजे नक्की केव्हा निघाली ते कुणालाच कळले नाही. हिसका नाही, आचका नाही. उभी होती, आणि मग पाणी उतारावरून सरकावे तशी ती जात होती. गल्लीच्या टोकाला चढ होता. समोरून दूधवाल्याची गाडी आली म्हणून सासूबाई ऐन चढावर थांबल्या. जावई टाचा उंचावून बघू लागला. त्यांनी हँडब्रेक ओढला, वाट दिली, हँडब्रेक सोडला आणि वळणाआड गेल्या. इंजिनाचा आवाज चढत चढत दूर गेला.

नाडीवाल्याच्या डोळ्यांत पाणी होते. "पाहिलं," तो म्हणाला. "बास. पाहिलं." मग डोळे पुसून त्याने सहज विचारले, "आणि एका दुपारी जुना क्लच जाळणारा तो गाढव कोण हो?"

सासऱ्यांनी वळून जावयाकडे पाहिले. जावयाने कबुलीसाठी तोंड उघडले.

"घरातलाच आहे," सासरे त्याच्या आधी म्हणाले. "माझंच व्याख्यान ऐकून बिघडला."

नाडीवाला गेल्यावर दोघे फाटकापाशी सासूबाईंच्या चपलांजवळ उभे राहिले. "पहिल्याच वर्षी कुणीतरी म्हणालं, सर काय गाडी चालवतात!" सासरे म्हणाले. "मी नाही म्हणायला उशीर केला. एकोणीस वर्षं झाली." मग त्यांनी विचारले, "रागावलात?"

"मी तुमचा क्लच जाळला, बाबा."

"तिचा," सासरे म्हणाले. दोघांनीही गल्लीच्या टोकाकडे पाहिले.

नऊला गाडी परत आली. बायकोचे केस वाऱ्याने विस्कटले होते आणि चेहरा दहा वर्षांच्या मुलीसारखा झाला होता. सासूबाईंनी किल्ली काढली, तिच्या तळहातावर ठेवली आणि वर मूठ बंद केली. "पुढच्या रविवारी तू. चपला काढून बसायचं." मग त्या फाटकापाशी आल्या, चपला पायात घातल्या आणि दोन्ही पुरुषांकडे आळीपाळीने पाहिले. जावयाला वाटले, आता बॉम्ब फुटणार.

"क्लच छान निवडलाय," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही दोघं गाडी पुसा."

दोघेही जीव वाचल्यासारखे बादली आणायला धावले. सासऱ्यांनी फडके भिजवले, पिळले, उजेडात धरून पाहिले.

"जावईबापू," ते म्हणाले, "फडकं पिळायचं नसतं. पाण्याला निघून जायची आठवण करून द्यायची."

जावई हातातले फडके हातातच धरून ऐकत राहिला.