कृष्णातकडे नसलेली पेटी

"कृष्णातकडं न्हाय असं काय हाय तुमच्याकडं?" दुकानाची पायरी चढता चढताच भाऊसो कांबळ्यांनी विचारलं.

दुकानदार गणपतराव चष्मा पुसत होते. ते पुसायचे थांबले. "कोण कृष्णात?"

"केबलवाला. आमच्या गल्लीचा."

गणपतरावांनी आजवर नाना तऱ्हेची गिऱ्हाइकं पाहिली होती. कुणी स्वस्त मागायचं, कुणी टिकाऊ मागायचं. केबलवाल्याकडे नसलेलं मागणारं हे पहिलंच. त्यांनी काउंटरवर तीन पेट्या मांडल्या. "हा साधा बॉक्स. हा एचडी, म्हणजे चित्र लई स्वच्छ. आणि हा एचडी रेकॉर्डर. छत्रीवरनं येणारा कार्यक्रम ह्यात साठवून ठेवता येतोय, मागं नेता येतोय, चालू असताना थांबवता बी येतोय."

"चालू कार्यक्रम थांबतोय?"

"थांबतोय."

"कृष्णातला थांबवता येतोय?"

"त्याला बंद पाडता येतोय, काका. थांबवता न्हाय येत."

"बांधा," भाऊसो म्हणाले.

"पण टीव्ही कंचा हाय तुमचा?"

"मागं पोट असलेला."

"मग एचडीचा काय उपयोग न्हाय. पोटवाल्या टीव्हीवर साधं आणि एचडी सारखंच दिसतंय. साधा घ्या की."

भाऊसोंनी साध्या पेटीकडे पाहिलं. ती कृष्णातही आणू शकला असता असं त्यांना वाटलं. "मग टीव्ही बी दाखवा," ते म्हणाले.

भाऊसो एस.टी.चे निवृत्त वाहतूक नियंत्रक. उभ्या आयुष्यात त्यांनी स्टँडवरच्या कर्ण्यातून गाड्या सोडल्या होत्या, आणि एकदा घोषित केलेली गाडी रद्द केली नव्हती. त्यांच्या डोक्यात ही जिद्द शिरली ती दसऱ्याच्या दिवशी. त्या दिवशी नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा सोहळा दूरदर्शनवर लागणार होता. भाऊसो इस्त्रीचा पांढरा सदरा घालून आणि त्यांची बायको सोनूबाई पांढरं लुगडं नेसून वेळेआधी टीव्हीसमोर बसले. टीव्ही लावला, तर त्या वाहिनीच्या जागी कृष्णातने हाणामारीचा सिनेमा सोडलेला.

भाऊसोंनी फोन केला. कृष्णात म्हणाला, "काका, पब्लिकची डिमांड हाय. एक दिवस न्हाय बघितलं तर काय बिघडतंय?"

भाऊसो उत्तराला थांबले नाहीत. पक्कड घेऊन गच्चीवर गेले, कृष्णातची वायर तोडली, तिचं व्यवस्थित वेटोळं केलं आणि त्याच्या ऑफिसात नेऊन टेबलावर ठेवलं. "ही घे. पब्लिकला दे. माझ्या गच्चीवर तुझी वायर परत येणार न्हाय." मागून आलेल्या दोन गिऱ्हाइकांनी हे ऐकलं, म्हणजे दुपारपर्यंत गल्लीने ऐकलं.

तर पेटी आली. पिराजी नावाच्या माणसाने गच्चीवर छत्री बसवली. भाऊसो शेजारी उभे राहून तिचं तोंड कुठल्या दिशेला, ती किती कलती, हे सगळं बारकाईने बघत होते. खाली नवा टीव्ही शोकेसमध्ये मावेना, म्हणून शोकेस आतल्या खोलीत गेली. शोकेसमुळे आतल्या खोलीचं दार उघडेना, म्हणून दार काढून अंगणात भिंतीला टेकवून ठेवलं.

"आता पेटी बसली," सोनूबाई म्हणाल्या, "आपण कुठं बसायचं ते पिराजीला विचारा."

संध्याकाळी भाऊसोंनी गल्लीला प्रात्यक्षिक दाखवलं. दारात चपलांचा ढीग पडला. बातम्या देणारी बाई तोंड उघडं असतानाच त्यांनी थांबवली, तेव्हा मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं, "आमच्या घरातलीला चालंल का हे?" मग भाऊसोंनी रेकॉर्डिंगसाठी लाल बटन दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. पुन्हा काही नाही.

"सारखं सारखं दाबू नगा, काका," दारातून आवाज आला. कृष्णात उंबऱ्याबाहेर हाताची घडी घालून उभा होता. "लाल बटन एकदा दाबून जरा दम धरायचा असतोय. मग बारका लाल दिवा लागतोय, डाव्या कोपऱ्यात."

भाऊसोंनी दम धरला. डाव्या कोपऱ्यात बारका लाल दिवा लागला.

"तुला कुणी विचारलंतं?" भाऊसो म्हणाले.

"न्हाय, आपलं सांगितलं. पर ही छत्री पावसात बंद पडतीया बरं का."

"गगनबावड्याच्या पावसात मी गाड्या सोडल्यात. मला पाऊस सांगू नको."

कोपऱ्यात भेंडी चिरत बसलेल्या सोनूबाईंनी मान वर करून कृष्णातकडे एकदा पाहिलं आणि पुन्हा भेंडीत लक्ष घातलं.

दोन महिने पेटीने इमानेइतबारे काम केलं. भाऊसो नको ते कार्यक्रमही साठवून ठेवू लागले, केवळ साठवता येतात म्हणून. मग आली अक्षताची फायनल.

अक्षता ही त्यांची नात. आई-बाप नोकरीपायी इचलकरंजीला, आणि पोरगी शाळेसाठी आजी-आजोबांकडे. शाळेच्या फुटबॉल संघात ती गोल राखायची. कोल्हापुरात पोराला चालता यायच्या आधी बॉल मारता येतो, तेव्हा त्यात नवल नव्हतं. हळहळ एवढीच की सोनूबाईंनी नातीला एकदाही खेळताना पाहिलं नव्हतं. गुडघ्यांनी दगा दिल्यापासून स्टेडियमच्या पायऱ्या त्यांना बंद झाल्या होत्या. अक्षता घरी येऊन सगळी मॅच तोंडाने सांगायची, आणि सोनूबाई तिच्या गुडघ्यावरची माती पुसत ऐकायच्या.

"आजी, ह्या टायमाला शूटिंग करणार हायत," अक्षता म्हणाली. "शनिवारी मॅच, आणि रविवारी संध्याकाळी सहाला टीव्हीवर."

"टीव्हीवर?" भाऊसो उठूनच उभे राहिले. "मग ती मॅच आपल्या पेटीत कायमची ठेवायची. तुझ्या आजीनं रोज उठून बघायची."

कुठल्या वाहिनीवर, हे त्यांनी विचारलं नाही. टीव्हीवर म्हणजे त्यांच्या टीव्हीवर. कर्ण्याची सवय असलेल्या आवाजात त्यांनी गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आमंत्रण दिलं. समोरच्या माडीवरच्या कालिंदीताई म्हणाल्या, "मी आणि वसंतराव नक्की येतो. खुर्च्या आणू का आमच्या?"

शनिवारी मॅच बरोबरीत सुटली आणि पेनल्टीवर गेली. शेवटची पेनल्टी अक्षताने उजवीकडे झेप घेऊन अशी अडवली की भाऊसोंचा आवाज तिथेच बसला. एस.टी.ने जे इतक्या वर्षांत साधलं नाही ते नातीने एका झेपेत साधलं.

घरी आल्यावर पेटीला उद्याची वेळ लावून ठेवावी म्हणून भाऊसोंनी रिमोट घेतला आणि अक्षताला वाहिनीचं नाव विचारलं.

"कृष्णातकाकाचं लोकल चॅनल," अक्षता म्हणाली.

भाऊसोंनी तरीही एक नंबरपासून शेवटच्या नंबरापर्यंत सगळ्या वाहिन्या बघितल्या. रशियातलं हवामान मिळालं, समुद्रातले मासे मिळाले, स्वयंपाक शिकवणारे तीन गृहस्थ मिळाले. कोल्हापूर मिळालं नाही. मग त्यांनी कंपनीला फोन लावला.

"सर, ती वाहिनी आपल्या उपग्रहावर उपलब्ध नाहीये," पलीकडची मुलगी म्हणाली.

"का न्हाय?"

"सर, ती स्थानिक केबलची असावी."

"बाई, उपग्रह पृथ्वीभोवती फिरतोय न्हवं? त्याला सगळी पृथ्वी दिसती आणि दोन गल्ल्या पलीकडचं स्टेडियम दिसत न्हाय?"

"सर, मी आपली तक्रार नोंदवून घेते."

भाऊसोंनी पिराजीला बोलावणं धाडलं. समोरच्या माडीवरून कालिंदीताईंच्या केबलची एक वायर आणून या पेटीत घुसवायची, अशी त्यांची योजना होती. कृष्णातची वायर गच्चीवर येणार नव्हती, खिडकीतून येणार होती, म्हणजे शब्द मोडत नव्हता. पिराजीने पेटी उलटी करून दाखवली. "काका, टीव्हीला थेट जोडायची तर कृष्णातचा बॉक्स लागतोय, आणि ह्यात फक्त छत्रीचंच जातंय. बाहेरचं काय घेत न्हाय ही."

"म्हणजे शेजारचं चालत न्हाय हिला?" भाऊसो बसक्या आवाजात म्हणाले. "पेटी सोवळ्यातली हाय व्हय?"

पिराजी पेटी सरळ करून निघून गेला. परिस्थिती अशी होती, की घरोघरी केबल असलेली सगळी गल्ली उद्या केबल नसलेल्या एकमेव घरात मॅच बघायला येणार होती.

"मी जातो की समोर कालिंदीताईंच्यात," सोनूबाई म्हणाल्या. "जिना दमादमानं चढतो."

"आपल्या नातीची मॅच बघायला आपण दुसऱ्याचा जिना चढायचा?"

"मग काय मॅच खाली येतीया? कृष्णातकडं जावा. एक वायर तर जोडायची."

"मी त्याच्या दारात मागायला जाणार न्हाय."

अक्षता पायातले मोजे काढत होती. ती मान वर न करता म्हणाली, "राहू दे की, आबा. आजी पुढल्या वर्षी बघंल."

भाऊसोंना दुसरं काही लागलं नसतं इतकं ते लागलं. रविवारी सकाळी त्यांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला आणि निघाले. वाटेत ते एकच वाक्य घोळवत होते: मी मागायला आलेलो न्हाय, सांगायला आलोय. काय सांगायला, हे अजून ठरायचं होतं.

कृष्णातचं ऑफिस बंद होतं. मागेच त्याचं घर. भाऊसो बोळातून वळले, तेवढ्यात गच्चीवरून कृष्णातचा आवाज आला, "आलं का?"

"न्हाय," घरातून त्याची बायको ओरडली. "निळंच दिसायलंय."

"आता?"

"आता तर निळं बी गेलं."

भाऊसो थांबले. हा संवाद त्यांनी कुठेतरी ऐकला होता. आपल्याच गच्चीवर, पिराजी छत्री बसवत असताना, हे आठवताच ते बाहेरच्या जिन्याने सरळ वर चढले. गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे, जुन्या साडीच्या पडद्याआड कृष्णात उकिडवा बसला होता. त्याच्या दोन्ही हातांत छत्री होती. भाऊसोंच्या छत्रीची सख्खी बहीण.

कृष्णातने मागे पाहिलं. साडी छत्रीवर ओढायला हात पुढे केला आणि मग राहू दिला. "काका, टाकी धुणाऱ्यांनी धक्का मारला," तो म्हणाला, जणू टाकीचाच विषय चालला होता.

भाऊसो पुढे झाले. त्यांनी साडी बाजूला केली, छत्री जरा खाली कलवली, अंगठाभर उजवीकडे सरकवली आणि जिन्यातून खाली हाक दिली, "आलं का, पोरी?"

"आलं की," खालून उत्तर आलं. मग कोण बोललं ते ध्यानात येऊन बाई गप्प झाल्या.

"हिची मालिका असती," कृष्णात हळू आवाजात म्हणाला. "केबलवर मुंग्या येत्यात म्हणून ऐकंना झाली. चार महिनं झालं. काका, गल्लीत कळलं तर धंदा बसंल माझा."

चार महिने. म्हणजे भाऊसोंच्याही आधी. कृष्णातकडे नाही म्हणून निवडलेली पेटी कृष्णातकडे आधीपासून होती. भाऊसोंनी हा घाव उभ्या उभ्या पचवला.

"मी एस.टी.त घोषणा करत होतो," ते म्हणाले. "काय घोषित करायचं न्हाय, ते बी मला कळतंय. आज सहाला माझ्या दारात मॅच दिसली पायजे."

"आत्ता वायर जोडतो, काका."

"वायर न्हाय. तुझी वायर माझ्या गच्चीवर येणार न्हाय म्हटलंय, म्हणजे येणार न्हाय. कशी दाखवायची ते तू बघ. आणि येत्या दसऱ्याला नागपूर लागलं पायजे. सगळ्या गावाला. पब्लिकनं काय बी मागू दे."

"लागंल."

"तेवढंच सांगायला आलतो," भाऊसो म्हणाले आणि जिना उतरले. वाक्य शेवटी उपयोगी पडलं याचं त्यांना समाधान वाटलं.

सहाच्या आत कृष्णातने गल्लीत पांढरा पडदा बांधला. गणेशोत्सवात चालवायचा प्रोजेक्टर आणि मॅचची सीडी आणली. तो ठेवायला उंच काही मिळेना, तेव्हा भाऊसोंनी अंगणातलं काढलेलं दार दोन पिंपांवर आडवं टाकलं. गल्ली आपापल्या खुर्च्या घेऊन आली. भाऊसोंनी सगळ्यांना सांगितलं, "घरातला टीव्ही लहान पडला असता." कुणी शंका घेतली नाही.

सोनूबाई दारातच खुर्चीवर बसल्या होत्या, पाय पाटावर.  अक्षताने ती शेवटची पेनल्टी अडवली तेव्हा गल्ली उठून उभी राहिली, आणि सोनूबाईंनी शेजारी बसलेल्या नातीचा गुडघा हाताने नुसता चाचपला, तो धड आहे ना म्हणून.

"परत दाखव रं," त्या कृष्णातला म्हणाल्या. कृष्णात धावत आला, सीडी प्लेअरशी खाली वाकला आणि बटन सारखं सारखं दाबू लागला.

"एकदाच दाब," सोनूबाई हळूच म्हणाल्या. "मग दम धर. तुझ्या घरातली पेटी तशीच चालती न्हवं?"

कृष्णातचा हात बटनावरच राहिला. भाऊसो वळून बायकोकडे बघत राहिले.

"तुला म्हाईत होतं?"

"लाल दिवा डाव्या कोपऱ्यात लागतोय हे त्याला काय सपान पडलंतं?"

"मग दोन महिनं बोलली का न्हाईस?"

"बोललो असतो, तर तुम्ही त्या दिवशीच कर्णा घेऊन गल्लीभर फिरला असतासा," सोनूबाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "मग आज पडदा कुणी बांधला असता? सरका जरा. अक्षता दिसंना झाली."

भाऊसो सरकले.