हाकाबंदी

ज्या घरात माणसं अजून एकमेकांना हाका मारतात, त्या घराची प्रगती झालेली नाही असं खुशाल समजावं. हे सत्य ज्या घरजावयांना सुचलं, त्यांना त्यातून मिळण्यासारखं एकच होतं: आतून कडी लागणारी खोली. सासरी त्यांना मान भरपूर होता. पण मान अंथरून झोपता येत नाही. मागची खोली सासऱ्यांकडे होती. ते तिच्यात दुपारभर घोरत, म्हणजे खोली वापरात होती.

जावईबापूंनी योजना मांडली. जुना कॉम्प्युटर मागच्या खोलीत बसवायचा, त्याचा सर्व्हर करायचा आणि त्यावर घरापुरतं एक पान चालवायचं. ‘जेवण तयार आहे’, ‘बाथरूम मोकळं आहे’ अशा सूचना त्या पानावर पडतील. प्रत्येकाने त्या आपापल्या मोबाइलवर वाचायच्या. (त्यांच्या पाहणीनुसार घरातल्या निम्म्या हाका ऐकू येत नाहीत आणि उरलेल्या निम्म्या ऐकू येऊनही ऐकू येत नाहीत.) सर्व्हरला शांतता, सावली, बंद दार आणि देखरेखीसाठी एक पलंग लागतो. पलंग इतरत्र कुठे लागल्याचं ऐकिवात नाही, पण तिकडचे लोक बहुधा उभ्याने देखरेख करत असावेत.

“चालवून दाखवा,” सासरे म्हणाले. “सगळ्यांना दिसलं तर खोली तुमची. नाही दिसलं तर विषय बंद.”

राऊटर कपाटावर चढला. वायर फ्रिजमागून, दाराखालून, सासूबाईंच्या शिव्या खात मागच्या खोलीत पोचली. सर्व्हरच्या पडद्यावर पान झळकलं. वर पत्ता होता: १२७.०.०.१. जावईबापूंनी तोच घरभर वाटला.

हा पत्ता स्वभावाने फार आत्मनिष्ठ आहे. कोणत्याही यंत्राने तो विचारला की त्याचा अर्थ ‘मी स्वतः’ एवढाच होतो. सर्व्हरने विचारला, सर्व्हर सापडला. मोबाइलने विचारला की मोबाइल स्वतःच्याच दाराशी जातो, कडी वाजवतो आणि आत कोणी नाही असं इंग्रजीत कळवतो. एवढं आत्मज्ञान व्हायला माणसाला जन्म लागतो.

पण जावयाला नाही म्हणायची त्या घरात रीत नव्हती.

“दिसलं का, आई?”

“अगदी स्वच्छ!” सासूबाई म्हणाल्या. पडदा खरोखरच कोरा होता.

“आणि अहो, खाली इंग्रजीतसुद्धा आलंय,” लेक कौतुकाने म्हणाली.

“मला काही दिसत नाही,” सासरे म्हणाले.

“तुमचा तो मोतीबिंदू,” सासूबाईंनी दटावलं. “जावयासमोर तरी आवरा त्याला!”

बहुमत झालं. सासऱ्यांचा पलंग पॅसेजमध्ये, चपलांच्या स्टँडशेजारी गेला आणि हाकाबंदी लागू झाली.

संध्याकाळी ‘जेवण तयार आहे’ ही पहिली सूचना प्रसिद्ध झाली. स्वयंपाक केलेल्या सासूबाई आल्या, पानं वाढलेली लेक आली, सूचना लिहिलेले जावईबापू आले. उपक्रमाला मिळालेला प्रतिसाद उत्स्फूर्त होता. सासरे मात्र आले नाहीत.

“वाचलं नसेल त्यांनी.”

जावईबापूंनी उठून अक्षरं मोठी केली. मग लाल केली. मग लुकलुकती केली.

“अहो, मी इथे बसून सगळं ऐकतोय!” पॅसेजमधून आवाज आला.

“बाबा, तोंडी नको! पानावर बघा.”

सासरे उठले. मोबाइल चपलांवर ठेवून तडक मागच्या खोलीत गेले, सर्व्हरच्या पडद्यावरची लुकलुक वाचली आणि पाटावर येऊन बसले.

“दिसलं बुवा. पण तिथेच दिसतं. माझे डोळेच तसे, काय करणार! पलंग परत तिथे टाका, उगाच माझी जेवणं चुकायला नकोत. आणि ती कडी काढा. सूचना बघायला आलो आणि दार बंद, असं नको.”

म्हाताऱ्या माणसाच्या दृष्टीचा प्रश्न. कडी निघाली, पलंग परत गेला.

“हल्ली मलाही लांबचं जरा कमीच दिसतं,” सासूबाई म्हणाल्या.

“मला तर त्या पडद्यावरच नीट दिसेल,” लेक म्हणाली.

मोतीबिंदू संसर्गजन्य असल्याचं अशा रीतीने सिद्ध झालं. आता सगळं घर मागच्या खोलीत सासऱ्यांच्या पलंगावर दाटीवाटीने बसून सूचनांची वाट बघतं. पॅसेजमध्ये झोपणाऱ्या जावईबापूंना सूचना लिहायला बोलावून घ्यावं लागतं. अर्थात हाक मारूनच.

तेव्हा खोली सासऱ्यांची सासऱ्यांकडे राहिली, किंमत जावयाने मोजली, आणि या घोळात गार झालेलं जेवण सासूबाईंनी पुन्हा गरम केलं. हसा, हसा. मघापासून आतून तुम्हालाही कोणीतरी बोलावतंय. “हो, आलोच” म्हणून तुम्ही हे वाचत बसला आहात. तिकडे पुन्हा गॅस पेटवणारं माणूस आमच्या हिशेबात नाही. ते तुमच्या खात्यावर.