स्वस्त, झटपट आणि खंडेनवमी

"अवकाशात जाणं अजिबात अवघड नाही हो! अवघड असतात ती मधली माणसं!" दिग्विजय हे भेटेल त्याला ऐकवायचा. कर्वेनगरात दीनानाथकाकांच्या बंगल्याच्या गॅरेजमध्ये त्याची उपग्रह बनवायची कंपनी होती. कंपनी म्हणजे तो आणि उम्मेहानी. मोठमोठ्या संस्था जे काम वर्षानुवर्षं चिवडत बसतात, ते हे दोघं दोन वर्षांत आणि एका बऱ्यापैकी मोटारीच्या किमतीत करून दाखवणार होते! बुटाच्या खोक्याएवढा तो उपग्रह वरून उसाचे फोटो काढणार होता आणि एक साखर कारखाना ते विकत घेणार होता. फोटो आले तर कंपनी टिकणार. नाही आले तर दिग्विजय खडकीला वडिलांच्या क्वार्टरमध्ये परत जाऊन नोकरीच्या जाहिराती बघणार.

"तपासणी, मग तपासणीची तपासणी! याच्यानंच मोहिमा महागतात, मॅडम!" रॉकेटवाल्या कंपनीच्या तनुजा मॅडमपुढे त्यानं ही टकळी इतकी चालवली की त्या बिचाऱ्या विटल्या.

"ठीक आहे. तुमची पेटी आली की माप बघू, वजन बघू आणि बसवू. चालू करूनसुद्धा बघणार नाही. पण नंतर तक्रार नको."

"तक्रार? अहो, पेढे पाठवीन!"

रॉकेटच्या खाचेत उपग्रह नीट बसतो का, हे घरीच बघायला त्याच आकाराची आणि वजनाची एक डमी लागत होती. बाहेरून हुबेहूब, आतून रिकामी. आत वजनासाठी ठोकळा हवा, तर वर्कशॉपवाला थेट दिवाळीनंतरची तारीख देऊ लागला. दिग्विजय थांबतोय थोडाच! तो तडक वरच्या मजल्यावर काकांच्या घरी गेला, त्यांच्या पत्नी मुक्ताकाकूंच्या खलबत्त्यातला पितळी बत्ता मागून आणला, डमीत आवळून बसवला, वर चार नट टाकले. वजन तंतोतंत!

"याला म्हणतात झटपट!" तो उम्मेहानीला म्हणाला.

"बत्ता परत कधी देणार?" जिन्यातून काकूंचा आवाज आला. "माहेरचा आहे तो."

"लगेच, काकू!"

खंडेनवमीला सगळं तयार होतं. खरा उपग्रह पेटीत, पेटी प्लास्टिकच्या तंबूत. त्या तंबूत धुळीचा कण चालत नसे; टोपी आणि हातमोजे घातल्याशिवाय आत पाऊल नाही. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गाडी येऊन पेटी नेणार होती. एवढ्यात दीनानाथकाका तबक घेऊन दारात उभे! तबकात हळद, कुंकू, झेंडू, अक्षता.

"काढा तुमचं यंत्र बाहेर. पूजा करायची आहे."

"काका, त्याला धूळ चालत नाही."

"कुंकू म्हणजे धूळ?"

"तसं नाही, पण कॅमेऱ्याच्या काचेवर..."

"माझ्या बंगल्यातून पूजेवाचून यंत्र बाहेर पडणार नाही. आमच्या मिक्सरचीसुद्धा होते."

"खरं काय ते सांग त्यांना," उम्मेहानी कुजबुजली. "समजूतदार आहेत ते. काच दाखव, ऐकतील."

पण समजावण्यात तासभर गेला असता! दिग्विजयनं कोपऱ्यातली डमी उचलली आणि काकांपुढे पाटावर ठेवली. "हाच आपला उपग्रह, काका! करा मनसोक्त!"

"आणि त्या पेटीत काय आहे?"

"ती... ती डमी."

उम्मेहानीनं कपाळाला हात लावला. काकांनी मात्र मनापासून पूजा केली. डमीला एवढी हळद लागली की ती नवरीसारखी दिसू लागली.

दसऱ्याला दिग्विजय खडकीला आईच्या हातचं श्रीखंड खात बसला होता. तेवढ्यात काकांचा फोन. "गाडी एक दिवस आधीच आली आहे. पेटी देऊ का?"

"द्या, द्या! बघा, सगळे कसे झटपट कामाला लागलेत!"

चार दिवस श्रीखंड पचवून तो परतला, तर काकू फाटकाशीच उभ्या. "बत्ता!"

"आत्ता काढून देतो!" तंबूत उपग्रहाच्या आकाराचं ते खोकं ठेवलेलं होतं. त्यानं स्क्रू काढले, झाकण उचललं. आत बत्ता नव्हता. आत तारा होत्या, कॅमेरा होता, बॅटरी होती. त्याची आणि उम्मेहानीची दोन वर्षं होती!

तो धडपडत वर गेला. "काका, पेटीतून काय पाठवलंत?"

"अहो, केवढा घोटाळा होत होता!" काका खुर्चीत सावरून बसले. "तुम्ही पेटीत डमीच भरून ठेवली होतीत! ऐनवेळी माझ्या लक्षात आलं. मग मी पूजा केलेला उपग्रह ओल्या फडक्यानं पुसला, पेटीत ठेवला आणि डमी तंबूत ठेवून दिली. हात धुऊन, हो! टोपीसुद्धा घातली!" आणि ते शाबासकीची वाट बघू लागले.

खरं सांगायचं तर आधी हे सांगावं लागणार की तुम्हाला मी बत्त्याला ओवाळायला लावलं! दिग्विजय तसाच खाली आला आणि तनुजा मॅडमना फोन लावला.

"बसवलासुद्धा!" त्या खुशीत म्हणाल्या. "वजन अगदी नेमकं. तुमचं म्हणणं पटलं बरं का आम्हाला."

"मॅडम, तो बाहेर काढा! आत बत्ता आहे!"

"काय आहे?"

"बत्ता! खलबत्त्यातला!"

"त्याचा स्फोट होतो का?"

"नाही हो! चटणी कुटतात त्यानं!"

"मग राहू दे. तो काढायचा तर शेजारचे सगळे उपग्रह काढायचे, पुन्हा तपासायचे. उड्डाण लांबणार, खर्च वाढणार. अशानंच मोहिमा महागतात, नाही का?"

रॉकेट ठरल्या वेळी, नजर लागावी इतकं सुंदर उडालं. टीव्हीसमोर दिग्विजय ढसाढसा रडला. काकांना वाटलं आनंदाश्रू! त्यांनी त्याच्या तोंडात पेढा कोंबला, तेव्हा मात्र त्याला राहवेना. त्यानं सगळं सांगून टाकलं.

काका म्हणाले, "म्हणजे मी बत्त्याची पूजा केली."

"हो."

"आणि तुमच्या यंत्राची राहिली."

"हो."

"बरोबर आहे. मग ते जाईल कसं? घरीच बसणार!"

"आणि माझा बत्ता?" काकू म्हणाल्या.

"दीड तासाला एक फेरी मारतोय, काकू," उम्मेहानी शांतपणे म्हणाली. "भारतावरूनही जातो अधूनमधून."

साखर कारखान्यानं पुढच्या उड्डाणापर्यंत थांबायचं कबूल केलं. काकू एक दिवसही थांबायला तयार नव्हत्या. दुसऱ्याच दिवशी दिग्विजय खल बगलेत मारून बोहरी आळीत, पितळी भांड्यांच्या दुकानात हजर झाला.

"सुटा बत्ता मिळत नाही," दुकानदार मान वर न करता म्हणाला. "मापानं ओतून घ्यावा लागेल. दोन महिने."

"दोन महिने? एका बत्त्याला?"

"ओतायचा, घासायचा, तोलायचा, मग या खलात बसतो का ते बघायचं."

"अहो, मधलं काहीतरी गाळा की! जरा स्वस्तात, झटपट..."

दुकानदारानं आता पहिल्यांदाच मान वर केली. "एवढी घाई आहे, तर पहिला नीट सांभाळायचा."