खंय अडला?

आमच्या वरच्या मजल्यावरचे सामंत सर कुणाला ‘कसे आहात’ असं विचारत नाहीत. ‘खंय अडला?’ असं विचारतात. म्हणजे, कुठे अडलं? भाजीवाल्याला विचारतात, लिफ्ट दुरुस्त करायला आलेल्याला विचारतात. एकदा तर नव्या नवरीला, अक्षता पडल्या पडल्या, स्टेजवर चढून विचारलं. ती बिचारी गोंधळून म्हणाली, “अजून कुठे नाही, काका.” सर म्हणाले, “बरं, अडलं की सांग,” आणि जेवायला निघून गेले.

सर कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतात. म्हणजे मुलुंडमधल्या आपल्या दोन खोल्यांत बसून, ऑनलाइन. शिकवताना हातात खडू लागतो. फळा नाही, तरी खडू. खडूशिवाय म्हणे वाक्य पुरं होत नाही. वाक्य हवेत लिहिलं जातं आणि पूड माझ्या बाल्कनीतल्या तुळशीवर पडते.

वर्ग संपला की प्रत्येक मुलाने फोनवर आपल्या आवाजात सांगायचं, आज मी कुठे अडलो आणि अडल्यावर डोक्यात काय आलं. कॉलेजच्या कागदोपत्री याला ‘रिफ्लेक्शन’ म्हणतात. मुलं ‘अडला-नोट’ म्हणतात.

“वर्गात पोरांच्या भुवया दिसायच्या हो, काकू,” सर मला म्हणाले होते. “भुवई चढली की समजायचं, गाडी अडली. आता समोर नुसते काळे चौकोन. चौकोनाला भुवई असते?”

मला हे सगळं आतून माहीत, कारण पंच्याहत्तरीत मीही या वर्गात नाव घातलं. तर्कशास्त्र माझं राहून गेलेलं. कॉलेजात असताना मी पहिल्या बाकावर बसायची, कडक इस्त्रीची साडी, वेणीत अबोली, आणि सर जे बोलतील त्याला मान डोलवायची. कळत काडीचं नव्हतं. पण डोलवणं इतकं सुरेख की आमचे सर सगळा तास माझ्या मानेकडे बघून शिकवायचे. बी. ए. खरं तर माझ्या मानेला मिळायला हवी होती. मला नाही मिळाली.

तीच सवय घेऊन मी सामंत सरांना पहिली नोट पाठवली: ‘सगळं छान समजलं, सर.’ दोन मिनिटांत दारावरची बेल वाजली.

“काकू, थापा मारू नका. खंय अडला?”

“अहो, खरंच समजलं.”

“पहिल्या दिवशी सगळं समजतं ते दोघांनाच. ज्याला आधीच येतं त्याला, आणि जो झोपला होता त्याला. तुम्ही कुठल्या?”

मी झोपले होते.

मग कळलं, सर नोटा नुसत्या ऐकत नाहीत, त्यांच्यात राहतात. दुपारी भाकरी थापताना फोन ओट्यावर ठेवतात आणि ऐकता ऐकता उत्तर देतात. मला जिन्यात बातम्या मिळतात. “घाटकोपरच्या त्या मुलाची बहीण परत भांडली. मागे ओरडत होती.” “बोरिवलीवाल्याचा पंखा कुरकुरतोय, तेल घालायला सांगितलंय.” एकाचंही तोंड पाहिलेलं नाही, पण घरं सगळी पाठ.

त्यांची सगळ्यात लाडकी प्रज्ञा. ही पोरगी दर वर्गाला अडायची आणि अडायची ती झकास. तिच्या नोटेत मागे पिठाची गिरणी धडधडायची आणि एक कोंबडा भरदुपारी आरवायचा. सर म्हणायचे, “कोंबड्याला वेळेचं तर्कशास्त्र नाही, पण पोरीला आहे.”

आणि मग कॉलेजने सुधारणा केली. आवाज बंद. वर्ग संपला की फोनवर दोनच चौकोन: ‘समजलं’ आणि ‘नाही समजलं’. बोट ठेवा, हजेरी लागेल.

त्या दिवसापासून सगळ्या वर्गाला सगळं समजायला लागलं. प्रिन्सिपॉलबाईंनी सरांचं अभिनंदन केलं. सर मात्र जिन्यात बसले.

“काकू, प्रज्ञालासुद्धा समजतंय. रोज. हे अशक्य आहे.”

“अहो, हुशार झाली असेल.”

“हुशार माणूस जास्त अडतो. पोरगी सुटली हातातून. परीक्षा तोंडावर आली, फोन लावला तर उचलत नाही. ऑफिसवाले पत्ता देत नाहीत.”

“मग?”

“एका नोटेत म्हणाली होती, माहुलला राहायला आलोय. चला.”

“मी कशाला?”

“अनोळखी मुलीच्या घरी एकटा पुरुष कसा जाणार? तुम्ही आजीसारख्या दिसता.”

मी आजीच आहे. पण पावडर लावून निघाले.

चेंबूर मागे पडलं तसं सरांनी प्रज्ञाची जुनी नोट लावली आणि फोन रिक्षावाल्याच्या कानाला धरला. “ही कुठली गिरणी?” रिक्षावाला म्हणाला, “काका, गिरणी गिरणीसारखीच वाजते. कान सोडा, ठोकेल मी.” माहुलला उतरल्यावर सर दिसेल त्याला विचारत सुटले, “इथे दुपारी आरवणारा कोंबडा कुठे राहतो?” लोक सरांकडे बघून मग माझ्याकडे बघायचे. मी कपाळावर बोट टेकवून ‘सांभाळून घ्या’ अशी खूण करायची. मला मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

शेवटी मासे निवडत बसलेल्या एका बाईंनी मान वर केली. “तो होय? त्याचा रविवारी रस्सा झाला.”

सरांचा चेहरा असा पडला की बाई घाबरल्या. “तुमचा होता काय?”

“नाही हो. आता कसं शोधायचं?”

“काय शोधायचंय?”

“गिरणी.”

“ती काय, मागे.”

आम्ही वळलो. गिरणीच्या दारात डब्यांची रांग, आत पिठाचा धुरळा, आणि धुरळ्यातून आवाज आला, “बाजरी कुणाची गं?”

सर जागीच थांबले. “हीच,” म्हणाले.

केसांवर, पापण्यांवर पीठ बसलेली मुलगी बाहेर आली. सर म्हणाले, “खंय अडला?” तिच्या हातातला डबा खाली आला.

“अय्या, सर? तुम्ही एवढेसे आहात?”

गिरणी तिच्या आत्याची. ही दळणं सांभाळत एका कानाने वर्ग ऐकते.

“मग रोज ‘समजलं’ कसं?” सरांनी विचारलं.

“सर, ‘नाही समजलं’वर बोट ठेवलं की मोठा चौकोन उघडतो. दहा ओळी लिहा, त्या पण इंग्लिशमध्ये. तोवर हजेरी नाही. दळण बघू का चौकोन भरू? सगळेच ‘समजलं’ दाबतात, सर.” मग पीठ झटकत, खाली बघत म्हणाली, “आता तर कुठे अडलंय तेच कळत नाही. परीक्षेला नाही बसत मी यंदा.”

सरांनी खिशातून खडू काढला. गिरणीच्या पत्र्याच्या दारावर एक गोल काढला.

“सगळ्या बाजरीचं पीठ होतं. खरं?”

“खरं.”

“मग सगळं पीठ बाजरीचं?”

आतून आत्या ओरडली, “असं कसं? मग माझी ज्वारी कुठे गेली?”

प्रज्ञा हसली. “हां सर! इथेच अडलेले मी. गोलाच्या बाहेर काय असतं, तिथे!” आणि मग ती जी बोलत सुटली, ती गिरणी बंद व्हायची वेळ होईपर्यंत. दळणाला आलेल्या बायका डबे विसरून दाराकडे बघत होत्या. निघताना सर म्हणाले, “चौकोनात हवं ते दाब. नोट माझ्या फोनवर पाठव. आणि परीक्षेला बस.”

“बसते. पण सर, कोंबडा नाही आता.”

“ठाऊक आहे,” सर गंभीरपणे म्हणाले.

परतीच्या रिक्षात ते खुशीत होते. मला चेष्टा सुचली. म्हटलं, “सर, सगळ्यांना विचारता. तुमचं खंय अडला?”

मला वाटलं, हसतील. मुलुंड आलं, आमची गल्ली आली, तेव्हा म्हणाले, “दारात, काकू. आई होती तोवर मी कधी किल्लीच बाळगली नव्हती. आतून उघडायची ती. आता कुलूप काढताना अडतं.”

त्यांची आई माझी मैत्रीण. दोन वर्षं होतील तिला जाऊन. मी मान डोलवली. या खेपेला समजून.

दुसऱ्या दिवशी वर्ग संपल्यावर मी दोघांपुरती डाळ कुकरला लावली. पहिली शिट्टी होऊ दिली, मग फोन तोंडाशी धरला. “सर, काकू बोलतेय. आज मी फार ठिकाणी अडले,” असं म्हणून निवांत सांगत बसले. मागे शिट्ट्या होत होत्या.

नोट पाठवली. वरची पावलं थांबली. थोड्या वेळाने खिडकीतून आवाज आला, “काकू! कुकर! गॅस बंद करा, डाळ करपेल!”

मी बंद केला नाही. दाराची कडी तेवढी काढून ठेवली. म्हटलं, येऊ दे खाली.