फक्त आठवी गाय

सहा वाजता अभयारण्याचं फाटक बंद होणार होतं, साडेतीन वाजून गेले होते आणि सफारीची गाडी चालवणाऱ्या एलिबारिकीच्या पाहुण्या गुनहिल्ड आजी टांझानियातल्या आरुशाच्या बाजारात केळीवालीची विचारपूस करत जेमतेम तिच्या तिसऱ्या मुलापर्यंत पोचल्या होत्या.

“आणि त्याची शाळा?”

“छान आहे,” केळीवाली म्हणाली. “फक्त परवा छप्पर उडालं.”

आजींनी वहीत लिहिलं : ‘शहर आनंदी. छपराची चौकशी करणे.’ नॉर्वेत त्या सहा महिने स्वाहिली शिकल्या होत्या. घरदार विचारल्याशिवाय कामाचं बोलायचं नाही, हा पहिला धडा त्यांनी इतका मनावर घेतला की दुसरा धडा आलाच नाही.

एलिबारिकीचा फोन वाजला. मालक लेमा.

“एली, आज फाटकाबाहेर राहिलास तर उद्यापासून गाडी माझा मेहुणा चालवेल.”

“पोचतो, बॉस.”

“मागच्या वेळीपण पोचतोच म्हणालास! पाहुणे पेट्रोलपंपावर झोपले.”

“त्यांना आवडलं होतं की.”

“हो ना! पंपाला पाच तारे दिले आणि आपल्याला एक!”

एलिबारिकीने आजींना अक्षरशः उचलून गाडीत बसवलं आणि गाडी हाणली. शहराच्या वेशीवर टायर फुटला. समोरच पंक्चरवाला होता, पण एलिबारिकीने तोंड उघडायच्या आत आजी खाली उतरल्या होत्या.

“घरी कसं काय?”

“छान.”

“आईची तब्येत?”

“छान.”

“आणि तुमची?”

“एकदम छान. फक्त हात मोडलाय.”

मग टायर एलिबारिकीनेच बदलला. पंक्चरवाला आजींना हात कसा मोडला ते सांगत होता. गोष्ट एका गाढवापासून सुरू झाली होती आणि टायर बसला तरी गाढव अजून घरातून निघालं नव्हतं.

पुढे एलिबारिकीने काचा वर केल्या त्या केल्याच. कुणी हात केला तरी बघितलं नाही. घराशेजारच्या चर्चच्या फादरनी हात केला, तेव्हा तर तो खाली वाकला. घाम, धूळ, घड्याळ. सहाला पाच कमी. सहाला दोन कमी.

सहा वाजून एक मिनिटाला गाडी फाटकाशी थांबली. पहारेकरी मोलेल कुलपातून किल्ली काढत होता.

“फाटक उघडा, साहेब! लवकर!” एलिबारिकी ओरडला.

मोलेलने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “नमस्कार नाही, चमत्कार नाही. माझं घर जळालं का, पोरं जगली का, काही नाही. थेट फाटक! कुठल्या घरचा रे तू?”

आयुष्यात पहिल्यांदाच एलिबारिकी विचारपूस विसरला होता. लेमाचा मेहुणा त्याला डोळ्यांसमोर गाडी पुसताना दिसू लागला.

तेवढ्यात मागचं दार उघडलं.

“घरी कसं काय?” आजींनी विचारलं.

“छान,” मोलेल गुरगुरला.

“मुलं?”

“छान.”

“आणि गाई?”

मोलेलचा हात थांबला. “गाईंचं हल्ली कुणी विचारत नाही हो,” तो हळूच म्हणाला. त्याने कुलूप काढलं, फाटक सताड उघडलं आणि आजींसाठी स्टूल आणून ठेवलं. फाटकाच्या बरोबर मधोमध. मग दुसरं, स्वतःसाठी.

एलिबारिकीने गाडी सुरू केली.

“बंद कर ते!” मोलेल ओरडला. “ऐकू येत नाही त्यांना.”

साडेसहाला फोन वाजला.

“पोचलास?”

“पोचलो, बॉस.”

“फाटक उघडं आहे?”

“सताड.”

“म्हणजे सगळं छान ना?”

“छान आहे, बॉस,” एलिबारिकी म्हणाला. “फक्त सतरापैकी आठवी गाय चालू आहे.”