स्पेनच्या पाहुण्यासाठी रस्ता

एका जंगलात रस्ते मोजकेच होते, बाळांनो, आणि ते सगळ्यांच्या पायाखालचे होते. तरीही तिथे रस्ता सांगण्याचा वर्ग निघाला. तोही स्पॅनिश भाषेत.

त्याचं असं झालं. थंडीत आलेला एक करकोचा पाणी पिता पिता सहज म्हणाला, पुढच्या साली स्पेनमधून कोणी पाहुणा इकडे येईलसं वाटतं. वाटतं, एवढंच म्हणाला. पण वाघमहाराजांनी ते मनावर घेतलं. पाहुणा वाटेत चुकला तर आपली काय शोभा राहील? त्यांनी हुकूम काढला की यापुढे चौकात जो कोणी रस्ता विचारील, त्याला तो स्पॅनिशमध्येच सांगायचा. सवय हवी.

धनेश मास्तरांची चोच सर्वांत मोठी, म्हणून शिकवणी त्यांच्याकडे गेली. 'तोदो रेक्तो' म्हणजे सरळ, 'आ ला देरेचा' म्हणजे उजवीकडे. गवा शिकला, वानरं शिकली, रानडुकरं शिकली. शिकलेले सगळे गळ्यात पानांची माळ घालून दिवसभर चौकात उभे राहू लागले. घरी पिल्लं उपाशी. पाहुण्याचा पत्ता नव्हता.

हौसा भेकरीण त्या जंगलात नवीच नांदायला आली होती. एका सकाळी तिच्या पाडसाने कसलंसं विषारी फळ खाल्लं. त्याच्या तोंडाला फेस आला. सासू म्हणाली, अस्वल वैद्यांकडे ने, ते उलटीचा पाला देतात, वेळेत पोचलीस तर वाचेल. कुठे राहतात ते चौकात कोणीही सांगेल.

हौसा पाडसाला ढकलत ढकलत चौकात आली.

"दादा, अस्वल वैद्यांकडे कसं जायचं?" तिने गव्याला विचारलं.

गव्याने घसा साफ केला आणि एक लांबलचक स्पॅनिश वाक्य म्हटलं. हौसाला अक्षर कळलं नाही. तिने अर्थ विचारला. गवा कुरकुरत म्हणाला, चर्चपाशी उजवीकडे वळ, मग कारंजं लागेल, तिथून सरळ. त्या जंगलात ना चर्च होतं ना कारंजं. तिने तसं म्हटल्यावर त्याने सांगितलं की धड्यात आहे.

मग एका वानराने गव्याचा उच्चार सुधारला. गव्याला राग आला. वाद मास्तरांपुढे गेला. मास्तरांनी डोळे मिटून दोघांकडून वाक्य पुन्हा म्हणवून घेतलं. हौसा मध्ये बोलू लागली, तर तिलाच आधी प्रश्न स्पॅनिशमध्ये विचारायला सांगितलं.

पाडस खाली बसलं. त्याची मान कलंडली.

एका खारीला राहवलं नाही. ती हौसाच्या कानाशी लागली. माळ घालून पुढे उभे आहेत ना, तेच वैद्यबुवा, म्हणाली.

हौसाने अस्वलाचे पाय धरले. "वैद्यबुवा, पोर जातंय माझं."

"बाई, मी इथे रस्ता सांगायच्या कामावर आहे," वैद्यबुवा म्हणाले. "रोगी मी घरी बघतो. पालाही घरीच आहे. घरचा रस्ता हवा असेल तर सांगतो."

आणि त्यांनी तो सांगितला. स्पॅनिशमध्ये. जमलेल्यांनी माना डोलावल्या.

मग हौसाने मान वर केली आणि ती भुंकली.

भेकर भुंकलं की वाघ जवळ आला, हे जंगलात जन्मलेल्या प्रत्येकाला कळतं. त्याचा वर्ग घ्यावा लागत नाही. चौक एका दमात रिकामा झाला. मास्तर ढोलीत शिरले. गवा झाडी मोडत घरी पळाला. कोणी कोणाला रस्ता विचारला नाही. खुद्द वाघमहाराजही वाघ आला म्हणून गुहेकडे धावत सुटले.

वैद्यबुवाही थेट घराकडे पळाले. हौसाने पाडसाला पाठीवर घेतलं आणि त्यांचा माग सोडला नाही.

दारात पोचल्यावर त्यांनी वळून पाहिलं. वाघ नव्हता. भेकरीण होती.

"फसवलंस मला," ते धापा टाकत म्हणाले.

"आता घरी आहात ना," हौसा म्हणाली. "मग बघा."

त्यांनी पाला चुरगळून पाजला. पाडस ओकलं. थोड्या वेळाने कान हलवू लागलं.

दुसऱ्या दिवशी सभा भरली. खोटं भुंकल्याबद्दल हौसाला चौकात यायची बंदी झाली. शिवाय यापुढे धोक्याची हाकही स्पॅनिशमध्येच द्यावी, असा ठराव एकमताने झाला. ठराव वाघमहाराजांना फार आवडला. त्या दिवसापासून त्यांना शिकारीसाठी लांब जावं लागत नाही.

तात्पर्य: रस्ता सांगणाऱ्याने शुद्ध बोलावं, पोचणं हे चालणाऱ्याचं काम. आणि ज्याचं पोर मरायला टेकलं असेल, त्याने भाषा शिकूनच घराबाहेर पडावं.